ढोलीपाशी बांधलेली परांची

आमच्या मंडळाला धड नाव कधी पडलंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपला कुणीतरी नुसतं ‘पक्षी’ असं नाव दिलं होतं, आणि आम्हीही एकमेकांना ‘रविवारी पक्ष्यांना येताय ना?’ एवढंच विचारायचो.

माझं रत्नागिरीत झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं एकदा एक उंच, ताठ चालणारे म्हातारे गृहस्थ भाट्याच्या खाडीवरच्या पक्ष्यांची चित्रं घेऊन आले. शाळांमधून वाटायला रंगीत प्रती हव्या होत्या. पहिल्या प्रतीत खंड्याचा निळा रंग जांभळट उतरला, तर त्यांनी ती घेतली नाही. मुलं मग जांभळाच पक्षी शोधत बसतील, म्हणाले. मी मशीनशी बराच वेळ झटापट केली, पण तो निळा काही साधेना. शेवटी ते म्हणाले, रविवारी सकाळी खाडीवर या, खरा रंग बघा, मग मशीनला समजवा. मी गेलो आणि मग जातच राहिलो.

त्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बोटीवर असायचा तशा कुटुंबातले ते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा गावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून खाडीवर फिरायला लागले, आणि फिरता फिरता पक्षी बघायला लागले. इंजिनरूममध्ये आयुष्य काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. कानात यंत्र होतं, पण खाडीच्या वाऱ्यात ते शिट्टी घालतं म्हणून ते बहुधा घरीच ठेवून यायचे. आम्ही आवाजावरून पक्षी ओळखून बोट दाखवायचो, ते नुसत्या उडण्यावरून सांगायचे.

मंडळात दहाबारा माणसं होती. बँकेतले दोघं, एक निवृत्त एसटी कंडक्टर, शिकवण्या घेणाऱ्या एक बाई, असे. सगळ्यात जाणत्या म्हणजे मॅडम. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांची आई बंदरावर मासे विकायची आणि मॅडम स्वतः दहावीपर्यंत पहाटे आईबरोबर पाट्या उचलायला जायच्या. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, पक्ष्याच्या पायात गुंतला की तो कसा सोडवायचा हे त्यांनी आम्हाला शिकवलं. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे यायचे त्या दिवसांत आम्ही खाडीच्या कडेनं पिशव्या घेऊन तंगुसाचे तुकडे वेचायचो. काही पक्ष्यांचे पाय तोवर तुटलेले असायचे. मॅडम त्यांना सोडवायच्या, पाण्याकडे तोंड करून ठेवायच्या आणि मागे वळून बघायच्या नाहीत.

पावसच्या बाजूला एका बागेत धनेशाचं घरटं आहे अशी बातमी आम्हाला कंडक्टरकाकांनी आणली. धनेशाला आमच्याकडे गरुडच म्हणतात. हा पक्षी घारीपेक्षा मोठा, काळापांढरा, त्याची पिवळी चोच वीतभर आणि तिच्यावर आणखी एक शिंगासारखी चोच. बागेच्या बांधावर रायवळ आंब्याचं जुनं झाड होतं. दोन माणसांच्या कवेत न येणारं. वर जिथं मोठी फांदी कधीकाळी मोडली होती तिथं ढोली होती, आणि त्या ढोलीत मादी बसली होती.

धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा असं लिंपून ढोलीचं तोंड आतून बंद करते. चोच बाहेर येईल एवढीच उभी फट ठेवते. आत बसल्यावर तिची पिसं झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच असते. तेवढे महिने नर तिला आणि पिल्लांना खायला आणून घालतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदा तिथं पाहिलं. नर झाडावर उतरायचा, मान झटकून घशातून एकेक उंबर वर काढायचा आणि फटीतून आत द्यायचा. आतून फक्त चोचीचं टोक दिसायचं.

बागवाला चाळिशीतला, सरळ माणूस होता. त्याला ते झाड विकायचं होतं. रायवळाची सावली त्याच्या दोन हापूस कलमांवर पडायची, आणि लाकूडवाला विचारून गेलेला. चीफ आणि मॅडम त्याच्या घरी तीनचार वेळा गेले. चीफनी त्याला दुर्बिणीतून नर दाखवला. त्याच्या म्हाताऱ्या आईनंही बघितलं, आणि ती बराच वेळ दुर्बीण सोडेना. शेवटी तो म्हणाला, या वर्षी नाही तोडत, पुढचं पुढे बघू. आम्हाला तेवढं पुरे होतं.

मग चीफनी पाळ्या लावल्या. त्यांच्या भाषेत ‘वॉच’. रोज सकाळी कुणी ना कुणी तिथं जाऊन बसायचं, गलोल घेऊन येणाऱ्या पोरांना समजवायचं, जवळ जाऊन फोटो काढणाऱ्यांना हटकायचं. गावातल्या शाळेतली मुलं वर्गावर्गानं आणून दाखवली. मुलांना गप्प बसवणं चीफना उत्तम जमायचं. ते नुसते उभे राहिले की पुरे. मला वाटतं मंडळाचे सगळ्यात चांगले दिवस ते होते.

हापूसची तोडणी जोरात सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. माझी पाळी नव्हती. दुकान उघडतोय तोवर बागवाल्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, काल दुपारपासून गरुड आलेला नाही. मादी फटीतून चोच काढून बसलीय."

मी चीफना आणि मॅडमना कळवलं आणि स्कूटर काढली. तिघांनी मिळून आजूबाजूचे वड, उंबर धुंडाळले. तो मॅडमना दिसला. बागेपासून थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला वडाचं झाड आहे, त्याच्या फांद्यांना लागून विजेच्या तारा जातात. त्याखाली घाणेरीच्या जाळीत तो पडला होता. एक पंख खांद्यापासून करपलेला. त्याच्या पंखांचा विस्तार एवढा, की दोन तारांना एकदम टेकले असणार. मॅडमनी त्याला उचललं तेव्हा घशातून वडाची फळं गळून पडली. चारपाच असतील. चीफ ती उचलायला वाकले, मग तसेच उभे राहिले.

वनखात्याचे साहेब आले, त्यांनी पंचनामा केला आणि पक्षी नेला. ते भले होते. म्हणाले, ढोली फोडून मादीला बाहेर काढलं तर ती उडू शकणार नाही, कुत्री फाडतील. तुम्हाला जमत असेल तर बाहेरून खायला घालून बघा, पण ढोलीला हात लावू नका. जगेल असं काही सांगता येत नाही.

त्याच दिवशी परांची बांधायला घेतली. बागवाल्यानं बांबू दिले. बांधकामावर बांधतात तशी उभीआडवी परांची झाडाला टेकवून ढोलीच्या उंचीपर्यंत न्यायची होती. गाठी सगळ्या चीफनी स्वतः मारल्या. आम्ही मारलेली एकही गाठ त्यांनी राहू दिली नाही. एका बांबूच्या टोकाला त्यांनी लांब चिमटा बसवला, त्यात उंबर धरायचं आणि लांबूनच फटीत द्यायचं, म्हणजे माणूस तिला फार जवळ दिसणार नाही.

तिनं घेतलं नाही. चिमटा फटीजवळ गेला की ती आत सरकायची. एकदोनदा चिमट्यावरच चोच मारली, उंबर खाली पडलं. पपई दिली, केळं दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी आम्ही खाली बसलो होतो तेव्हा बागवाल्याची आई आली, वर बघत म्हणाली, "खाल्लंन का काय तिनं?" मॅडमनी खाली पडलेली उंबरं दाखवली. ती तशीच घरात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चीफ वर होते. त्यांनी हात वर केला, म्हणजे आम्ही हलू नये. तिनं उंबर घेतलं. मग दुसरं घेतलं. काय बदललं होतं ते आम्हाला कळलं नाही. भूकच असेल. चीफ खाली आले आणि त्यांनी मला विचारलं, "पिल्लांचा आवाज ऐकलास?"

मी म्हटलं, नाही.

"मी ऐकला," ते म्हणाले. "आत चिरचिर करतायत. ती फळ आत घेऊन वळली, की करतात."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या उंबरं निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून आम्ही पिल्लांच्या हिशेबानं खाणं द्यायला लागलो. मॅडम म्हणाल्या, नुसत्या फळांवर पिल्लं वाढत नाहीत. म्हणून उकडलेल्या अंड्याचे तुकडे, नाकतोडे, कधी पाली. नाकतोडे पकडायला शाळेतली मुलं होती. मंडळातली माणसं मात्र हळूहळू गळू लागली. रोज पहाटे उठून पावसपर्यंत जायचं आणि मग नोकरीवर जायचं, हे किती दिवस जमणार? बँकेतल्या एकानं ग्रुपवर लिहिलं की जंगलात हे रोज होतं, आपण निसर्गात ढवळाढवळ करतोय.  चीफ त्याच्या पाळीला स्वतः गेले. मग दुसऱ्याच्याही पाळीला गेले. शेवटी रोज चीफच जायला लागले, आणि मी व मॅडम आलटून पालटून.

चीफच्या घरी मी अधूनमधून जायचो. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्या दिवसांत एकदा मी चीफना न्यायला गेलो, ते आत बूट घालत होते. काकूंनी मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे बोटीवर होते तेव्हा मी सासूसासऱ्यांचं केलं, मुलीचं केलं, घर बांधलं. म्हटलं निवृत्त झाले की घरात असतील. आता पहाटे उठून एका झाडाला जेवू घालायला जातात." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पाऊस लांबलाय असं सांगावं तसं त्या म्हणाल्या.  मी म्हटलं, पक्षीण बाहेर आली की संपलं, काकू. त्या म्हणाल्या, "मग दुसरं झाड असेल."

मे महिन्यात आमच्याकडे हवा हलत नाही. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटतो. त्या दिवशी चीफ वर होते, मी खाली टोपली धरून उभा होतो. ते नेहमीपेक्षा सावकाश उतरले. शेवटच्या आडव्या बांबूवर बसूनच राहिले. घामानं निथळत होते. मला म्हणाले, उन्हाचं आहे, पाणी दे. मी पाणी दिलं, ते त्यांनी डोक्यावर ओतलं, प्यायले नाहीत. मग डावा हात चोळायला लागले. मी बागवाल्याला हाक मारली. त्याच्या आंब्याच्या पेट्या वाहायच्या टेम्पोत आम्ही त्यांना पुढे बसवलं, मी त्यांना धरून बसलो. वाटेत ते दोन वाक्यं बोलले. एकदा म्हणाले, टोपलीत अंडं राहिलंय, ते द्यायचं आहे. आणि भाट्याचा पूल आला तेव्हा म्हणाले, "आज भरती आहे."

हॉस्पिटलात नेल्यावर त्यांना लगेच आत घेतलं. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गेले.

काकूंना मी स्वतः सांगायला गेलो. त्या दारातच उभ्या होत्या. बहुतेक माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी विचारलं, "झाडावर होते?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या आणि मुलीला फोन लावायला बसल्या. नंबर त्यांना पाठ होता, पण बोट चुकत होतं. मी लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानातून परत आलो तेव्हा कळलं की मॅडम पावसला गेल्या आहेत. मला फार राग आला. स्कूटर घेऊन मी तिथं गेलो. त्या परांचीवर होत्या, खाली बागवाल्याची आई टोपली धरून उभी. मॅडम खाली उतरल्यावर मी म्हटलं, "आज तरी नको होतं. एक दिवस माणसासाठी थांबता आलं नसतं?"

त्या म्हणाल्या, "तिला कोण सांगणार, आज सुतक आहे म्हणून?"

 मी खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला त्या पक्षिणीचा मनापासून राग यायचा. ती फटीतून चोच काढून बसायची आणि चिमटा जरा उशिरा आला की लाकडावर आपटायची. मी वर चढायचो, चीफनी मारलेल्या गाठींवर पाय द्यायचो, आणि मनात म्हणायचो, खा, आणखी खा. तिला त्यातलं काय ठाऊक? तिला चिमटा दिसायचा.

आणि एक गोष्ट होती. रोज मी फटीजवळ कान नेऊन थांबायचो. आतून मला कधीही चिरचिर ऐकू आली नाही. पिसांची सळसळ यायची, चोचीचा आवाज यायचा. पिल्लांचा नाही. मी स्वतःला सांगायचो, मॅडम माझ्यापेक्षा जास्त जाणतात, त्या देतायत म्हणजे पिल्लं असतील.

चीफना जाऊन आठवडा झाला होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा लिंपणाची ढेकळं झाडाखाली पडलेली होती. ती बाहेर होती. परांचीच्या सगळ्यात वरच्या बांबूवर बसली होती. शेपटीची पिसं नवी, कोरी दिसत होती, पण डोक्याची पिसं मळून चिकटलेली. ती आमच्याकडे न बघता समोर बघत होती. थोड्या वेळानं तिनं पंख उघडले, पडते की काय असं वाटावं इतकी खाली गेली, आणि मग सावरून समोरच्या किंजळीच्या झाडावर जाऊन बसली. दिवसभर ती तिथंच होती. संध्याकाळी तिनं ओरडायला सुरुवात केली. धनेशाचा आवाज मोठा, कर्कश, बाग दणाणून जाते. तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. काळोख पडेपर्यंत ती ओरडत होती. दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही, नंतरही नाही.

ढोलीत आधी मॅडम बघणार होत्या, पण त्यांनी मला जायला सांगितलं. मी वर गेलो, मोबाइलचा दिवा आत धरला. तळाशी बियांचा आणि पिसांचा थर होता. त्यात दोन पिल्लं होती. बोटाएवढी. अंगावर पीसही नव्हतं. वाळून, चपटी होऊन चोथ्यात मिसळून गेली होती. नुकती मेलेली नव्हती. अंड्यातून बाहेर येऊन दोनचार दिवसांत गेली असणार. म्हणजे नर मेला त्याच सुमाराला, तिनं आमच्या हातचं काही घेतलं नाही त्या दिवसांत.

मी खाली येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शंका होती. पिल्लं असती तर खाणं वाढत गेलं असतं. ते वाढलं नाही."

"मग चीफना का नाही सांगितलंत?"

त्या परांचीच्या बांबूवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सांगून काय झालं असतं? पिल्लं नाहीत म्हणून आपण तिला आत मरू दिलं असतं? खायला तर घालावंच लागलं असतं. मग त्यांना ऐकू येतंय तर येऊ दे, म्हटलं."

  आजही कधी वाटतं त्यांचं बरोबर होतं. कधी वाटतं, पिल्लं नाहीत हे कळलं असतं तर चीफ रोज वर चढले नसते, आम्हाला चढू दिलं असतं. पण तसं झालं असतं हे मी तरी कशावरून म्हणू? माणूस हट्टी होता.

तेराव्याला मंडळातले आम्ही सगळे गेलो. जे महिनाभर पाळीला फिरकले नव्हते तेही आले. बँकेतले एकजण बोलले की खाडीवर चीफच्या नावाचा फलक लावू, पक्ष्यांची चित्रं आणि खाली त्यांचं नाव. काकू ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, फलक नको. का नको ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी पुन्हा विषय काढला नाही.

पानं उठल्यावर मी मागच्या पडवीत हात धूत होतो तेव्हा त्या आल्या. त्यांनी विचारलं, "तुमची पक्षीण?"

मी म्हटलं, "बाहेर आली. उडून गेली."

"आणि पिल्लं? हे रोज येऊन सांगायचे, आज जोरात ओरडत होती म्हणून."

मी खरं सांगितलं. पिल्लं नव्हती, फार आधीच गेली होती. त्यांनी पदराला हात पुसले. नंतर म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं. त्यांना शेजारच्या खोलीतून माझी हाक ऐकू यायची नाही. पिल्लं कशी ऐकू यायची?"

त्या हसल्या असं मला वाटलं. मग त्यांचा चेहरा तसाच राहिला, आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्या मुलीला बोलावलं. तिनं आईला उठवून आत नेलं. पावसाळ्यानंतर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. घर बंद आहे.

बागवाल्यानं शब्द पाळला. त्या वर्षी झाड तोडलं नाही. पुढल्या वर्षी थंडीत त्याचा फोन आला, दादा, लाकूडवाला उद्या येतोय, म्हटलं तुम्हाला सांगावं. मी भांडलो नाही. चीफ असते तर गेले असते, पुन्हा बोलले असते. मी आणि मॅडम नुसते जाऊन उभे राहिलो. करवतीनं सकाळभरात काम संपवलं. ढोलीचा ओंडका त्यानं बाजूला काढून ठेवला होता, मॅडमना म्हणाला, कॉलेजात ठेवायला नेता का? त्यांनी नको म्हटलं. म्हाताऱ्या आईनं घराचं दार लावून घेतलं होतं, ती बाहेर आली नाही. परांचीचे बांबू त्यानं आदल्या वर्षीच सोडवून आंब्याच्या फांद्यांना टेकू म्हणून लावले होते.

तारांचं मात्र मॅडमनी सोडलं नाही. वीज कार्यालयात त्या किती वेळा गेल्या हे त्यांनाच माहीत. गेल्या वर्षी त्या वडाजवळच्या तारांवर काळी नळी चढवली. एवढ्याशा तुकड्यावर. पुढच्या वळणापासून तारा उघड्याच आहेत.

मंडळ आहे अजून. रविवारी खाडीवर तिघंचौघं जमतो, तंगूस वेचतो. शाळांमधून मी आणि मॅडम जातो, चित्रांच्या प्रती माझ्याच दुकानात निघतात. मुलांना धनेशाबद्दल सांगताना मॅडम ढोली, लिंपण, नर खायला आणतो, इथपर्यंत सांगतात. पुढचं सांगत नाहीत.

यंदा मार्चमध्ये त्याच भागातल्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. मुलांनी रस्त्याच्या कडेचा मेलेला गरुड आणला होता. आम्ही गेलो. नर होता. तो तारांच्या पुढच्या वळणावर सापडला होता. मार्च म्हणजे मादी ढोलीत असणार. कुठल्या झाडात ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही मुलांना घेऊन वड, बेहडे, रायवळ, सगळी जुनी झाडं पाहिली. खाली उभं राहून लिंपण दिसतं का बघायचो, ऐकायचो. आधी रोज जायचो, मग रविवारी. मेअखेरीपर्यंत शोधलं. ती ढोली आम्हाला सापडली नाही.